अवयवदान : शोकाकुल कुटुंबाशी होणारा संवाद

अवयवदानाच्या बातम्यांत प्रतीक्षायादी, शस्त्रक्रिया आणि पोलीस बंदोबस्तात शहर ओलांडणारी रुग्णवाहिका यांचे वर्णन सविस्तर येते. त्याआधी काही तास अतिदक्षता विभागाशेजारच्या एखाद्या लहानशा खोलीत जे बोलणे झालेले असते, त्याची नोंद क्वचितच होते. वास्तविक पुढचे सारे काही त्या बोलण्यावर अवलंबून असते. भारतात मृत व्यक्तीचे अवयव काढण्यापूर्वी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते, आणि ती अशा घटकेला मागावी लागते की, जेव्हा आपला माणूस गेला आहे हेच त्यांना पुरते उमगलेले नसते.

या बोलण्याला रुग्णालयात ‘समुपदेशन’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. त्यात उपदेश दडला आहे, आणि या खोलीत उपदेशाला जागा नाही. कुटुंबाला झालेला मृत्यू समजावा, त्यांच्यापुढे कोणता पर्याय आहे हे त्यांना कळावे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी जे उत्तर ते देतील त्याचा पश्चात्ताप त्यांना पुढे होऊ नये, एवढेच या संवादाचे काम होय. होकार मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट मानले की कुटुंबाला ते ताबडतोब जाणवते, आणि विश्वास तेथेच तुटतो.

न दिसणारा मृत्यू

अवयवदान शक्य असलेले बहुतेक मृत्यू अकस्मात आलेले असतात. दुचाकीचा अपघात, उंचावरून पडून डोक्याला झालेली इजा, मेंदूतील रक्तस्राव ही नेहमीची कारणे. काल सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडलेला माणूस आज कृत्रिम श्वसनयंत्रावर असतो. कवटीच्या आत सूज वाढत जाते, मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि अखेरीस मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणारा मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी होतो. शुद्ध आणि श्वास या दोहोंची केंद्रे येथेच असल्याने ती पुन्हा येण्याची शक्यता उरत नाही. हृदय मात्र स्वतःच्या स्पंदनकेंद्रावर चालते. यंत्रातून प्राणवायू मिळत राहिला तर ते आणखी काही काळ, बहुधा काही तास ते काही दिवस, धडधडत राहते.

त्यामुळे नातेवाइकांना दिसते ते असे : छाती वर-खाली होते आहे, हात उबदार आहे, पडद्यावर नाडीचे आकडे हलत आहेत, लघवीची पिशवी भरते आहे. मृत्यूची जी चिन्हे पिढ्यानपिढ्या ओळखीची आहेत, त्यांपैकी एकही तेथे नाही. अंग गार पडलेले नाही, श्वास थांबलेला नाही. आणि कोणी डॉक्टर येऊन सांगतो की, हा माणूस वारला आहे. यावर विश्वास न बसणे हे अडाणीपणाचे लक्षण मुळीच नव्हे. स्वतः डॉक्टर असलेल्या आईवडिलांनाही अशा वेळी आपल्या मुलाच्या छातीवरून नजर हलवता येत नाही.

हा मृत्यू कायद्याने मान्य केला तो १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाने. फेब्रुवारी १९९५मध्ये तो प्रथम ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. तिसरे राज्य हिमाचल प्रदेश. मेंदूमृत्यू प्रमाणित करण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ लागते : रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त नामिकेतील एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ अथवा मेंदूशल्यविशारद, आणि प्रत्यक्ष उपचार करणारा डॉक्टर. मेंदूविषयक तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास त्याच्या जागी शल्यविशारद, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतो, अशी सोय २०११च्या दुरुस्तीने केली. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळात असू शकत नाही. कुटुंबाला ही एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे, कारण त्यांच्या मनातला सर्वांत मोठा, पण बहुधा न बोलला जाणारा संशय नेमका हाच असतो.

चाचण्या साध्या, पण काटेकोर असतात. बुबुळांवर प्रकाश टाकून पाहतात, डोळ्याला कापसाचा स्पर्श करतात, कानात थंडगार पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहतात, घशात नळी फिरवून ठसका येतो का याची खात्री करतात. शेवटी श्वसनयंत्र काही मिनिटे बाजूला करून, रक्तातील कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीपर्यंत वाढल्यावरही रुग्ण एकतरी श्वास स्वतःहून घेतो का, हे पाहिले जाते. हे सर्व किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावे लागते. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आल्यावरच मृत्यू प्रमाणित होतो. काही रुग्णालयांत एखाद्या नातेवाइकाला श्वसनाची चाचणी जवळ उभे राहून पाहण्याची मुभा देतात. सर्वांनाच ते झेपत नाही. ज्याला झेपते, तो बाहेर येऊन बाकीच्यांना जे सांगतो, ते डॉक्टरांच्या तासाभराच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक पोहोचते.

चार मिनिटे आणि तीस वर्षे

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. ज्या तरुणीचे हृदय वापरले गेले, ती डेनिस डार्व्हल आदल्या दिवशी आईसह रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडली होती. आई जागीच गेली. मुलीच्या डोक्याला जबर इजा झालेली. वडिलांना, एडवर्ड डार्व्हल यांना, डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी चार मिनिटे विचार केला आणि होकार दिला, असे सांगितले जाते. एकाच दिवशी पत्नी आणि मुलगी गमावलेल्या माणसाची ती चार मिनिटे होती. हृदयप्रत्यारोपणाच्या इतिहासात बर्नार्ड यांच्या हातांविषयी पुष्कळ लिहिले गेले. डार्व्हल यांच्याशी कोण, कसे बोलले, याविषयी फार थोडे. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूची वैद्यकीय व्याख्या तोवर झालेलीच नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा सुप्रसिद्ध अहवाल १९६८च्या ऑगस्टमध्ये आला.

त्याच ऑगस्टमध्ये जपानमधील साप्पोरो येथे डॉ. जुरो वादा यांनी हृदयप्रत्यारोपण केले. हृदय मिळालेला तरुण पुढे वारला, आणि त्यानंतर दात्याला खरोखरच मृत्यू आला होता का, असा प्रश्न उभा राहिला. चौकशी झाली, खटला मात्र उभा राहिला नाही. लोकांच्या मनातला संशय कायम राहिला. जपानमध्ये मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानाला परवानगी देणारा कायदा होण्यास १९९७ साल उजाडले आणि त्यानुसार पहिले दान १९९९मध्ये झाले. एका प्रकरणातील संशयाने एका प्रगत देशात तीस वर्षे वाट अडवून धरली. अतिदक्षता विभागाबाहेर घाईने किंवा अर्धवट बोलले गेले तर काय होऊ शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण नाही.

आधी मृत्यू, मग दान

या संवादाचा सर्वमान्य नियम एकच : मृत्यूची वार्ता आणि दानाचा प्रश्न एका दमात येऊ नयेत. अमेरिकेतील केंटकी राज्यातील डॉक्टरांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्यास १८ टक्के, तर आधी मृत्यू समजावून काही काळाने विचारल्यास ५७ टक्के कुटुंबांनी संमती दिल्याचे आढळले. तेव्हापासून जगभरच्या प्रशिक्षणात ही शिकवण दिली जाते. मात्र पद्धत म्हणजे मंत्र नव्हे. मृत्यू सांगणारा डॉक्टर आणि दानाविषयी बोलणारा समन्वयक यांनी ठरवून एकत्र विचारणा केल्यास होकार वाढतो, असाही एक समज होता. ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी घेण्यात आली आणि २००९मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा त्याने संमतीत वाढ होत नसल्याचे दिसले. केवळ विचारणाऱ्यांची संख्या वाढवून भागत नाही. घड्याळात किती वेळ गेला यालाही तसे महत्त्व नाही. पहिली गोष्ट मनात रुजल्याखेरीज दुसरी काढू नये, हे खरे सूत्र.

ती रुजली आहे की नाही, हे ओळखण्याची अनुभवी समन्वयकांची एक साधी रीत आहे. ते सांगण्याऐवजी विचारतात : “काका, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?” उत्तर “मेंदूला मार लागलाय, पण बाकी सगळं चांगलं आहे” असे आले, तर दानाचा विषय काढण्याची वेळ अजून आलेली नाही. मग पुन्हा डॉक्टरांना बोलवावे लागते, मेंदूचे चित्र दाखवावे लागते, तेच सगळे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा सांगावे लागते. कुटुंबातील कोणी “गेलाय तो” असे स्वतःहून म्हणाले, किंवा “गावाला नेण्याची सोय कशी होईल?” असे विचारले, तर मृत्यू त्यांच्यापर्यंत पोहोचला, असे समजावे.

आपल्याकडे या नियमाला एक अडचण आहे. २०११च्या दुरुस्तीनुसार अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी प्रत्यारोपण समन्वयकाच्या सल्ल्याने, मृताने पूर्वी दानाची इच्छा नोंदवली होती का हे विचारणे आणि नसल्यास नातेवाइकांना दानाच्या पर्यायाची माहिती देणे बंधनकारक आहे. हे योग्यच झाले. पण अनेक रुग्णालयांत मेंदूमृत्यूच्या चाचण्यांचा विचारच मुळी अवयवदानाची शक्यता दिसल्यावर होतो. कुटुंब ते बरोबर हेरते. आठ दिवस कोणी बोलायला नव्हते, आणि आज अचानक चार डॉक्टर आणि एक मृदुभाषी ताई हजर! ज्या रुग्णालयात दान होवो न होवो, प्रत्येक मेंदूमृत्यूची चाचणी नियमाने होते, तेथे हा संशय आपोआप कमी होतो. महाराष्ट्र शासनाने २०१२मध्ये मेंदूमृत्यूची नोंद करणे रुग्णालयांवर बंधनकारक केले, ते या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होते. त्याचे पालन सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे होते असे मात्र म्हणता येत नाही.

शब्दांची निवड

कुटुंबाचा घोटाळा पुष्कळदा रुग्णालयातील बोलीच करून ठेवते. “पेशंट ब्रेनडेड आहे, पण हार्ट चालू आहे” या वाक्यात ‘पण’ हा सर्वांत घातक शब्द. ऐकणाऱ्याच्या मनात अर्धा मृत्यू आणि अर्धे जीवन अशी वाटणी होते, आणि तो उरलेल्या अर्ध्याला धरून बसतो. “आता फक्त मशीनवर आहेत” म्हटले की मशीन काढणारा हा मारणारा ठरतो. “वाचण्याची आशा नाही” हे तर जिवंत माणसाविषयी बोलायचे वाक्य. “अवयवांसाठी त्यांना जिवंत ठेवावं लागेल” असे एखादा थकलेला निवासी डॉक्टर बोलून जातो आणि त्याआधीचे सारे स्पष्टीकरण वाया जाते.

मराठीत यासाठी नवे शब्द घडवण्याची गरज नाही. “ते गेले आहेत. यंत्र हवा भरतंय म्हणून छाती हलते. काल रात्री त्यांचा मेंदू बंद पडला, तो पुन्हा सुरू होत नाही” एवढे पुरेसे असते. ‘मेंदूमृत्यू’ हा शब्द वापरायचाच, तर त्यालगतच ‘म्हणजे मृत्यूच’ हे सांगावे. बेशुद्धावस्था आणि मेंदूमृत्यू यांतील भेदही येथेच स्पष्ट करावा लागतो. दीर्घ बेशुद्धीतून, ज्याला लोक ‘कोमा’ म्हणतात त्यातून, माणूस परत येऊ शकतो; मेंदूमृत्यूतून येत नाही. ‘ब्रेनडेड तरुण शुद्धीवर आला’ अशा मथळ्याच्या बातम्या छापताना वृत्तपत्रांनी हा भेद पाळला असता, तर समन्वयकांचे काम थोडे हलके झाले असते. अशी कात्रणे मोबाइलवर दाखवत नातेवाईक प्रश्न विचारतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही.

अवयव काढण्यासाठी इंग्रजीत पूर्वी ‘हार्वेस्टिंग’, म्हणजे पिकाची कापणी, हा शब्द सर्रास चाले. आता तो टाळला जातो. अवयवदानाच्या क्षेत्रात मोठे काम केलेल्या, १९९७मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘मोहन फाउंडेशन’च्या नावाच्या पूर्ण रूपात तो शब्द अजून आहे. भाषा किती वेगाने बदलली, याची ती खूणच म्हणावी.

मृताचा उल्लेख नावानेच व्हावा. ‘बॉडी’, ‘डोनर’, ‘केस’ हे शब्द खोलीच्या दारात ठेवून आत जावे.

कुटुंब म्हणजे कोण?

कायद्याच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे. संमतिपत्रावर सही यांच्यापैकीच कोणाची तरी लागते. प्रौढ व्यक्तीसाठी २०१४च्या नियमांतील नमुना ८ आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईवडिलांपैकी एकाच्या सहीचा नमुना ९. परंतु महाराष्ट्रातील कुटुंबात निर्णय आणि सही या दोन गोष्टी नेहमी एकाच व्यक्तीच्या हाती नसतात. सही पत्नीची, आणि निर्णय थोरल्या दिरांचा, मामांचा, किंवा साताऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या चुलत्यांचा. “तुमच्याकडे असे निर्णय कोण घेतं?” हा प्रश्न म्हणूनच आरंभी विचारावा लागतो. काका येईपर्यंत थांबायचे असेल, तर थांबणे हाच शहाणपणा. त्यांना वगळून घेतलेला होकार ते आल्यावर टिकत नाही. टिकला तरी घरात कायमची फट पाडून जातो.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. पुरुषमंडळी व्हरांड्यात चर्चा करत असतात, आणि पत्नी कोपऱ्यातल्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये बसलेली असते. तिला कोणी काही विचारत नाही, कारण ‘तिला आत्ता काही सांगू नका’ असे ठरलेले असते. शेवटी कागद तिच्यापुढे येतो. तिच्या लेखी ती सही दानपत्रावरची नसते. ती स्वतःच्या वैधव्यावरची असते. तिच्याशी स्वतंत्रपणे, शक्यतो एखाद्या स्त्री समन्वयकाने, “वहिनी” किंवा “ताई” म्हणून शेजारी बसून बोलल्याखेरीज ती सही घेऊ नये. आणि पाच जण राजी असताना एखादा भाऊ किंवा आई ठाम विरोधात असेल, तर कायदा अडवत नसला तरी अनुभवी समन्वयक पुढे जात नाहीत.

समन्वयक हे पद कायद्यात आले तेही २०११च्या दुरुस्तीने; त्यावाचून रुग्णालयाला प्रत्यारोपणासाठी नोंदणी मिळत नाही. समाजकार्याचे पदवीधर, परिचारिका आणि डॉक्टर या कामात दिसतात. स्पेनमध्ये मात्र हे काम बव्हंशी अतिदक्षता विभागातील डॉक्टरच करतात. तेथे १९८९मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था स्थापन झाली तेव्हा दर दशलक्ष लोकसंख्येमागे १४ मृत दाते होते, आज ते ४०हून अधिक आहेत. स्पेनच्या १९७९च्या कायद्यात संमती गृहीत धरलेली आहे, म्हणून हे घडले असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात तेथेही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेतले जात नाहीत, आणि आपल्या यशाचे श्रेय ते कायद्याला देत नाहीत. रुग्णालयांतील प्रशिक्षित माणसांना देतात. भारतात २०२३ साली मृत दात्यांची संख्या १,०९९ होती, म्हणजे दशलक्षामागे एकाहूनही कमी.

शंका, ज्यांना उत्तर हवे

कोणत्याही कुटुंबाची पहिली चिंता देहाची असते. चेहरा विद्रूप होईल का? अंत्यदर्शन घडेल का? पोटावर आणि छातीवर शस्त्रक्रियेसारखी चीर असते, ती नीट शिवली जाते, चेहऱ्याला काही होत नाही, हे थेट सांगावे. प्रत्येक अवयवासाठी वेगळी संमती देता येते. मूत्रपिंडे आणि यकृत देऊन डोळे नको म्हणणारी कुटुंबे पुष्कळ असतात; पुढच्या जन्मी आंधळा होईल, ही समजूत अजून गेलेली नाही. तिच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. डोळे नको, तर डोळे नको.

दुसरी चिंता वेळेची. येथे समन्वयकाने खरे बोलण्यास कचरू नये. संमतीनंतर तपासण्या, विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडून प्रतीक्षायादीप्रमाणे वाटप, अन्य रुग्णालयांच्या चमूंचे येणे, या सर्वांत बराच वेळ जातो. अर्धा दिवस सहज, कधी त्याहून अधिक. हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांत बसवावे लागते, म्हणून सगळ्यांची वेळ जुळवावी लागते. “दोन तासांत मिळतील” असे सांगून बारा तास ताटकळत ठेवलेले कुटुंब दान केल्याचे समाधान विसरते, ताटकळणे विसरत नाही. अपघाती मृत्यूत पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनही असते. शवविच्छेदन अवयव काढतानाच करून घेण्याची तरतूद आहे, आणि सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याचा जुना दंडक केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१मध्ये शिथिल केला, त्यात अवयवदानाला प्राधान्य आहे. देहाची दोनदा चिरफाड होणार नाही, हे कळल्यावर अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

पैशाविषयी मोघम बोलू नये. संमतीनंतर देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, असे २०१४चे नियम सांगतात. अवयवांच्या बदल्यात पैसे देणे-घेणे हा पाच ते दहा वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. त्याआधीच्या उपचारांचे थकलेले बिल हा मात्र खासगी रुग्णालयांत खरोखरीचा पेच असतो. बिलाविषयी बोलणारा माणूस आणि दानाविषयी बोलणारा माणूस एकच असता कामा नये, आणि बिलमाफीचा उल्लेख संमतीपूर्वी तर मुळीच होऊ नये. हेतू कितीही चांगला असो, ऐकणाऱ्याला तो सौदाच वाटतो.

धर्माचा प्रश्न येतो, पण समजतात तितका नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट २०००मध्ये रोम येथे अवयवदानाला स्पष्ट पाठिंबा दिला होता. मुस्लिम धर्मपंडितांत याविषयी मतभेद आहेत, आणि कुटुंबाला आपल्या मौलानांना विचारायचे असेल तर तेवढी सवड द्यावी. हिंदू कुटुंबांपुढे दधीची ऋषींचा दाखला हमखास दिला जातो. देवांसाठी आपल्या अस्थी देणारे दधीची व्याख्यानात शोभतात. ज्या आईचा विशीतला मुलगा आत पडला आहे, तिला ती कथा ऐकवणे म्हणजे तिच्या नकाराला आधीच कोतेपणा ठरवणे होय.

या सगळ्याहून उपयोगी ठरतो तो एक साधा प्रश्न : “ते माणूस म्हणून कसे होते?” मग कोणी सांगते की रक्तदान करायचा, कोणी सांगते की शेजाऱ्याच्या आजारपणात रात्ररात्र जागला. कोणी सांगते की त्याला इस्पितळाची, सुईची भयंकर भीती होती. यातून ‘त्याला काय आवडले असते’ याचे उत्तर कुटुंब स्वतःच शोधते. मृताने हयातीत दोन साक्षीदारांसमक्ष दानाची इच्छा लिहून ठेवली असेल, तर कायद्याने तिला मान आहे. प्रत्यक्षात तरीही कुटुंबाच्या संमतीवाचून कोणी पुढे जात नाही. म्हणूनच पाकिटातल्या दाताकार्डापेक्षा जेवताना कधीतरी सहज बोलून ठेवलेले वाक्य अधिक कामी येते.

नकार

नकाराची सर्व कारणे शोधून त्यांचे निरसन करावे, अशा थाटाची प्रशिक्षणपुस्तके आहेत. गैरसमज असेल तर तो दूर करावा, हे खरे. परंतु सर्व माहिती मिळाल्यावर आलेला नकार हाही एक निर्णय असतो, आणि पुन्हापुन्हा विचारणे ही जबरदस्ती ठरते. नकारानंतर परिचारिकांचे बोलणे तुटक झाले, खोली रिकामी करण्याची घाई झाली, तर त्या कुटुंबाच्या गावात पुढची कित्येक वर्षे अवयवदानाविषयी काय सांगितले जाईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

नकार देणाऱ्यांची एक कायदेशीर कोंडीही आहे. प्रत्यारोपणाचा कायदा मेंदूमृत्यूला मृत्यू मानतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात मात्र जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे, ही मृत्यूची व्याख्या आहे. परिणामी दानाला संमती दिली तर माणूस कागदोपत्री मृत, आणि नाकारली तर श्वसनयंत्र काढावे की नाही याबद्दल डॉक्टर साशंक. तोच देह, त्याच चाचण्या. ज्यांनी ‘नाही’ म्हटले त्यांना पुढे हृदय थांबेपर्यंत यंत्रासमोर बसून राहावे लागते, आणि खासगी रुग्णालयात त्या दिवसांचे बिलही चढत जाते. केरळने २०२०मध्ये मेंदूमृत्यूचे प्रमाणीकरण अवयवदानापासून वेगळे करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. इतर राज्यांत ही विसंगती अजून बऱ्याच अंशी तशीच आहे. ‘मृत्यू हा मृत्यूच, तुमचे उत्तर काहीही असो’ हे वाक्य समन्वयकाला आज निःशंकपणे उच्चारता येत नाही, आणि मृत्यूविषयीचे स्पष्टीकरण ऐकताना कुटुंबाच्या मनात जी पाल चुकचुकते, तिचे मूळ येथे आहे.

संमतीनंतर

सही झाली की संवाद संपला, अशी समजूत रुग्णालयांत दिसते. प्रत्यक्षात सर्वांत लांबलेले तास त्यानंतरचे असतात. प्रत्येक टप्प्याला कोणीतरी येऊन “आता हे चाललं आहे” असे सांगणे, शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी सर्वांना शेवटचे भेटू देणे, लहान मुलांना आत सोडावे की नाही हे आईला ठरवू देणे, देह ताब्यात मिळेपर्यंत सोबत थांबणे, ही सगळी कामे समन्वयकाची. कधी शस्त्रक्रियागृहात अवयव निरुपयोगी ठरतात. हेही कुटुंबाला सांगावे लागते, आणि ते फोनवर सांगण्यासारखे नसते.

तमिळनाडूने २०२३मध्ये दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचा निर्णय घेतला. गौरव योग्यच, त्यासोबत येणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. कोणाचे हृदय कोणाला मिळाले हे दोन्ही बाजूंना न कळवण्याचा संकेत आहे, तो दात्याच्या कुटुंबाला आर्थिक मागणीच्या संशयापासून आणि रुग्णाला कायमच्या ऋणाच्या ओझ्यापासून वाचवण्यासाठी. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन्ही नावे छापून आली की तो कागदावरच राहतो. उलट उदाहरणही आहे. १९९४मध्ये इटलीत प्रवासात असताना लुटारूंच्या गोळीने मारल्या गेलेल्या निकोलस ग्रीन या सात वर्षांच्या अमेरिकन मुलाच्या आईवडिलांनी त्याचे अवयव सात इटालियनांना दिले, त्यांची भेट घेतली आणि आयुष्यभर त्याविषयी बोलत राहिले. पुढील दशकात इटलीतील दात्यांचे प्रमाण सुमारे तिपटीने वाढले. पण तो मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता.

तेराव्यानंतर समन्वयकाने एकदा फोन करावा, अशी चांगली प्रथा काही रुग्णालयांत आहे. बोलणे बहुधा कागदपत्रांपासून सुरू होते : मृत्यूचा दाखला, विम्याचे काम, पोलीस ठाण्यातले राहिलेले पत्र. मग थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि पलीकडून हलकेच विचारले जाते, “ज्यांना दिलं, ते बरे आहेत ना?” नाव सांगता येत नाही. ‘पन्नाशीचे गृहस्थ आहेत, घरी गेले’ एवढे सांगता येते. प्रत्येक प्रत्यारोपण यशस्वी होत नाही, आणि कधी त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असते. त्या दिवशी काय बोलायचे, हे कोणत्याही नमुन्यात छापलेले नसते. बहुतेक समन्वयक खोटे बोलत नाहीत. ते आधी विचारतात, “तुम्हाला खरंच ऐकायचंय का, दादा?”, आणि उत्तराची वाट पाहतात.